बिननावाचा लघुग्रह आणि राहते घर

मी, खाली सही करणारी, वेधशाळेतून निवृत्त झालेली काचा तपासनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकले असते ते माझे पती, आणि हयात असतानाही त्यांना ते जमले नाही.

१. मला दोन मुले. थोरली माझ्या पतींच्या पहिल्या पत्नीची. ती बाई वारली तेव्हा पोर जेमतेम बोलायला लागली होती. धाकटा माझ्या पोटचा. राहते घर थोरलीला द्यावे, बँकेतली शिल्लक धाकट्याला. "पोटचा मुलगा असताना हे काय भलतंच?" असे नणंदबाईंचे म्हणणे पडले, म्हणून मी धाकट्याला समोर बसवून विचारले. तो म्हणाला, "ताईचंच आहे ते. तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून ती इथे राहते." विषय मिटला. नणंदबाईंना माझे शिलाई मशीन द्यावे. हात गुंतले की त्या जरा कमी बोलतात. माणूस प्रेमळ आहे.

२. माझे भिंग आणि काचा बघायची दिव्याची पेटी वेधशाळेला परत करावी. त्या काळी आकाशाचे फोटो काचेवर काढत. एका दुपारी याच पेटीवर, ताऱ्यांच्या ठिपक्यांत मला एक बारीक रेघ दिसली. पुढच्या काचेवर तारे जागच्या जागी होते, रेघ सरकलेली होती. "ओरखडा असेल हो, बाई," आमचे साहेब म्हणाले. तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह निघाला. पुढे भाषणात साहेब "आम्ही शोधला" म्हणाले. त्यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

३. त्याची कक्षा पक्की व्हायला वर्षे गेली. मग त्याला क्रमांक मिळाला आणि मला नाव सुचवायचा हक्क. मी थोरलीचे नाव द्यायचे ठरवले. ती तेव्हा शाळेत होती. "दगडाला माझं नाव नको," म्हणाली आणि खोलीचे दार लावून घेतले. तिचे चुकले नव्हते. तो दगडच आहे. कोळशासारखा काळा, वेडावाकडा लांबट, स्वतःभोवती गडबडा लोळत साडेपाच वर्षांत सूर्याला एक फेरी घालणारा. मला तो फार आवडतो, हे तिला तेव्हा सांगायचे राहिले. मग मी कोणाचेच नाव दिले नाही.

गेल्या महिन्यात माझी औषधे डबीत भरता भरता तिने विचारले, "मावशी, त्याला अजून नुसता आकडाच?"

"तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

तिने डबीचे झाकण लावले. "माझ्या आईचं देता येईल? तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? तिच्या घरात मी संसार केला, तिची लेक वाढवली. मीही तिला काही द्यायला हवंच की."

नाव लघुग्रहांची नावे ठरवणाऱ्या समितीकडे पाठवले आहे. उत्तर येण्याआधी मी गेले, तर धाकट्याने पाठपुरावा करावा. समितीने कितीही कुरकुर केली तरी दुसरे नाव सुचवू नये.

४. वकीलबाईंनी मसुद्यात थोरलीच्या उल्लेखाआधी दोन ठिकाणी 'सावत्र' असे घातले होते. कागदोपत्री तसे लागते, असे त्या म्हणाल्या. मी ते खोडले आहे. खाडाखोड माझीच असून दोन्ही जागी माझी सही आहे.

स्थळ: घरातली मागची खोली
दिनांक: आजचा, सोमवार
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार:
शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
वेधशाळेतले भिंगे घासणारे, माझे जुने सोबती (सही)