पान दुमडताना

धैर्यशीलच्या पप्पांना,

हे पत्र मी टाकणार न्हाई. माझ्याकडं तिकडं तमिळनाडूत, सेलमच्या तुमच्या सोनं गाळायच्या गलाई दुकानाचा पत्ता हाय, घराचा न्हाई. तिथं तुमचं घर बी हाय, हे मला दिवाळीत सांगलीच्या त्या साऊथ इंडियन हॉटेलात कळलं.

केळीच्या पानावर रसमभात कालवून तुमी पहिला घास घेतला आणि डोळं मिटून म्हणलात, "अगदी घरच्यावानी!" आवं, वीस वर्षं सांगत आलाय, तिकडं खानावळीत जेवतो म्हणून. आणि विट्याच्या आपल्या घरात रसम कवा शिजलं? तुमाला चूक कळली बी न्हाई. उलट मलाच शिकवत बसलात, "जेवण झालं की पान आपल्याकडं दुमडायचं, म्हंजे नातं टिकतं. मयताच्या जेवणालाच पलीकडं दुमडत्यात." मी मुकाट्यानं आपल्याकडं दुमडलं.

आज एकटीच एसटीनं त्याच हॉटेलात गेले. रसम दोनदा मागून घेतलं. तुमची तिकडची ती बी चांगलंच करत असंल. पोटभर जेवले आणि पान पलीकडं दुमडलं.

वाढपी तिकडचाच, तमिळ. दचकून म्हणला, "अक्का, कोण गेलं?"

मी म्हणलं, "आमचं मालक."

धैर्यशीलची आई,
शालन