तिखट हात

माय, आज आमच्या रोबोटला पेला उचलता आला. तू असतीस तर विचारलं असतंस, कागदाचा रिकामा पेला उचलायला एवढा उपद्व्याप कशाला. पण महिनाभर त्याच पेल्याने आमच्या नाकी नऊ आणले होते. मी शिकवते त्या शाळेतल्या तीन मुलींनी हा दोन हातांचा रोबोट बनवलाय, पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी. टेबलावरचे पेले न चेपता पलीकडे नेऊन ठेवायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या बोटांना स्पंज लावून झाला, मोटरचा जोर कमी करून झाला. पेला एकतर चेपायचा नाहीतर सुटायचा. मुख्याध्यापक म्हणाले, आज दुपारपर्यंत जमलं तर जा, एवढ्या लांब जाऊन हसं करून घ्यायचं नाही. पोरींनी पिशव्या मात्र कधीच्या भरून ठेवल्या होत्या.

खिडकीतून मिरची वाळवायच्या पथारीवरचा वास येत होता. मिरची वाळायला पडली की अजूनही गावाबाहेरची जमीन लालच लाल दिसते, आणि वर्गात एक शिंकली की सगळ्या शिंकतात. मला त्या वासात डोळे उघडे असतानाच झोप लागल्यासारखं होतं. दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून तू घरी येतेस, मी धावत सुटते, आणि तू उंबऱ्यातच म्हणतेस, "दूर ऱ्हाय, हात तिखा शेतस." मग मुठी मिटून दोन्ही मनगटं माझ्या बगलेत घालतेस आणि मला वर उचलतेस. गालावरून फिरतं तेही मनगटच. हात राखेने धुतलेस, ताकाने धुतलेस, तरी आग जायची नाही. भाकरी थापताना तुझे तळवे दिसायचे, लाल, सुजलेले. भाकरीला ते चालायचे, मला नाही. तेव्हा मला भाकरीचा राग यायचा.

आज सगळ्याच हिरमुसून बसलेल्या. तिघींतली सगळ्यात कमी बोलणारी पोर आहे, तिची आई अजून पथारीवर जाते. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मन्ही माय माले मनगटवर उचलस. बोटे लावतच नही." पोरींनी लगेच रोबोटची बोटं मागे वळवून बांधली, दोन्ही मनगटं पेल्याच्या कडेखाली सरकवली, आणि पेला वर आला, सावकाश, कुठेही न चेपता. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं आणि जा म्हणाले. पोरी पिशव्या आणायला घरी पळाल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर मी वाकून त्या मनगटाला गाल लावला. गार होतं, प्लास्टिकच ते. तिथेच बसून हे पत्र लिहितेय. टाकणार कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे यायचं. तू मला जपलंस, ते कळतं मला. आज त्या पोरीमुळे जास्तच कळलं. पण माय, एक सांगू? एकदा तरी तळहात लावायचा होतास. झाली असती आग तर झाली असती.