मागच्या सीटखालचा खुळखुळाट

विंडसर, ऑन्टारियो
८ सप्टेंबर १९६६

श्रीयुत मेहुणेसाहेब लेआंद्र पिलेट यांस,

ओव्हिला मारेंटेटचा सप्रेम नमस्कार. इकडे नदीच्या दक्षिणेला आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि उत्तरेला डेट्रॉइटात तुम्हीही खुशाल असाल अशी आशा आहे. रक्तदाब कसा आहे? सोमवारी आमच्या अंगणातून उठून गेलात तेव्हा तुमचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता, म्हणून विचारलं. (एरवी आपलं अरेतुरेच, पण रुसलेल्या माणसाला अहो-जाहो करावं, असं तुमची बहीण रोझाल्मा म्हणते.)

सोमवारच्या प्रकारात निम्मा दोष माझा, हे कबूल. उरलेला निम्मा तुमच्या गाडीचा. सप्टेंबरातली कामगार दिनाची सुट्टी, अंगणात वीस माणसं, कढईत पर्च मासे तडतडतायत, आणि तुम्ही नव्या कोऱ्या हिरव्या गाडीतून, खाली उतरायच्या आधीच भोंगा वाजवत आलात. उतरल्यावर तर विचारूच नका. "बघून घ्या रे! ही अस्सल डेट्रॉइटची गाडी. आपल्या माणसांच्या हातची! तुमच्या विंडसरच्या डब्यांसारखी नाही, दार लावलं की काच खाली!" मी ऐकून घेतलं. वीस वर्षं ऐकून घेतोच आहे. आणि काच खाली पडायची हेही खरं, पण का पडायची ते तुम्ही कधी विचारलंत? तुमच्याकडच्या गाडीवर इकडे इतकी जकात की ती आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून आमच्या कारखान्याला आपल्या लोकांसाठी सगळंच थोडंथोडं करावं लागायचं. सकाळी मोठी गाडी, दुपारी छोटी, चहानंतर ट्रक. हाताला एका दाराची सवय होईतो दुसरं दार समोर यायचं. गेल्या वर्षी दोन्ही सरकारांनी कारखान्यांपुरती ती जकात काढून टाकली, तेव्हापासून आम्ही एकाच जातीची गाडी करतो, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त मागच्या सीटा बसवतो (स्वप्नातसुद्धा), त्यातल्या बऱ्याचशा पूल ओलांडून तुमच्याकडे जातात. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. 'विंडसरवाले आमचं काम पळवतात' म्हणून तुम्हीच तुमच्या युनियनच्या सभेत घसा फोडून ओरडता. फक्त तसली एखादी गाडी आपल्याच दारात उभी राहील, हे तुमच्या डोक्यात आलं नाही.

बरं, तेही सोडलं असतं. पण तुम्हीच म्हणालात की मागे काहीतरी खुळखुळतं. आता मागची सीट म्हटली की माझा हात कसा थांबणार? उचलली. आमच्यात अशी पद्धत आहे की कुठल्या गाडीला काय काय बसवायचं तो कागद शेवटी सीटच्या स्प्रिंगांमध्येच खुपसायचा (कचऱ्याचा डबा चाळीस पावलं लांब आहे). खुळखुळाट शोधायचा बाजूलाच राहिला; तो कागद मी बाहेर ओढला, माशांच्या कढईशेजारी उभा राहिलो, आणि पाद्र्यासारखा आवाज लावून वाचला : कारखाना, विंडसर. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी आपला कॅनडाचा दीड वर्षाचा नवा झेंडा आणून तुमच्या बॉनेटवर खोचला, आणि तुम्ही अर्धी ताटली तशीच टाकून, "पोरीच्या लग्नालाच काय, तुझ्या मयतालाही हा पूल ओलांडणार नाही!" असं ओरडून निघून गेलात.

मंडळी गेल्यावर तो कागद मी पुन्हा वाचला. तिसऱ्या ओळीत इंजिन कुठलं ते लिहिलं होतं. तुमच्या कारखान्यातलं. ती ओळ माझ्या नजरेला अंगणातही पडली होती, मेहुणेसाहेब. मी ती मोठ्यानं वाचली नाही. याची मला मनापासून लाज वाटते. आपल्या सोबत्यांच्या हाताला काम राहावं म्हणून तुम्ही ती गाडी घेतलीत, आणि मी वीस माणसांसमोर तुमचं हसं केलं.

बाकी घरची खबर म्हणजे आमची नवरी मुलगी लुसिल सोमवारपासून कोणाशी बोलत नाही. चोवीस तारखेला लग्नासाठी चर्चमध्ये मामाच्याच गाडीतून जायचं, हे तिनं सात वर्षांची असल्यापासून ठरवलंय. फुलवाला दोनदा येऊन गेला, ती खोलीतून बाहेर आली नाही. मागणं असं काही नाही, सहज कळवलं.

तुमचा नम्र,
ओव्हिला

ता.क. : एक बारीकसं काम होतं. त्या कागदावर १४ जून ही तारीख आहे. नेमक्या त्याच दिवशी माझी वरची कवळी हरवली. हिरडी दुखत होती, म्हणून कारखान्यात ती काढून रुमालात बांधली आणि कुठल्यातरी सीटखाली टेकवली असणार. मी वळेपर्यंत गाडी पुढे सरकली असणार. तेव्हापासून वाटाण्याच्या सूपवर आहे. तुमच्याकडे खुळखुळतात ते माझे दात आहेत. लग्नात मला भाषण करायचंय, तेव्हा तेवीस तारखेला ते घेऊन या. पुलावर जकातवाले अडवतील (कंपनीच्या हजार गाड्या बिनबोभाट सोडतात, पण माणसाच्या पिशवीतलं सॉसेज उलटंसुलटं करून बघतात). त्यांना सांगा, वरच्या दातांचा एक संच, बनावट विंडसरची, परत घरी चाललाय.

ता.ता.क. : रोझाल्मानं वरचं वाचलं, आत गेली, आणि तू दिलेल्या मासेमारीच्या डब्यातून रुमाल आणून माझ्यापुढे आपटला. दात त्यातच होते. आता तोंडात आहेत, चावतायत. म्हणजे तुझ्या गाडीत काय खुळखुळतं ते देव जाणे, पण सीट मी बसवली, तेव्हा चूक माझीच. पुढे मामाचं इंजिन, मागे बापाची सीट, आणि त्यावर आपली लुसिल बसणार. चर्चपर्यंत आवाज येता कामा नये. दात सापडले, तेव्हा तुला बोलवायला माझ्याकडे आता काही कारण उरलेलं नाही. तरी ये.