भिंतीतलं दुसरं दार

४ फेब्रुवारी
विकायचं म्हणजे विकायचं! आज कोर्टात अर्ज टाकला. कळंबचं घर अमरच्या अन् माझ्या नावावर, राहतात तो अन् त्याची आई. मी इकडं यवतमाळले एका भाड्याच्या खोलीत. घटस्फोट कधी व्हायचा तो होवो, माझा अर्धा हिस्सा मले पाहिजे. बाहेर निघाली तर अमर म्हणे, "घर विकायले निघाली, लाज नाही वाटत?" नाही वाटत! बँकेचे हप्ते माझ्या पगारातून जात होते तेव्हा तुले वाटली का?

१८ फेब्रुवारी
विजयमालाताईंनी — माझ्या वकिलांनी — समजावून सांगितलं. घराचे सरळ दोन भाग पडत असतील तर कोर्ट वाटणी करून देईल. नसतील पडत, तरच विक्री. त्यासाठी कोर्टानं नेमलेले कमिशनर येऊन घर पाहतील. म्हटलं, ताई, कसे पडतील? यायले-जायले एकच दार! अन् भिंतीपलीकडे अमर खोकणार, मी अलीकडे ऐकणार? त्यापेक्षा बसस्टँडवर राहीन.

२ मार्च
कळंबहून शेजारच्या चंदाबाईचा फोन. "काहून वं अर्पिता, तुह्या घरी गवंडी लागले. बाजूची भिंत फोडून राह्यले." अंगाची लाहीलाही झाली! दुसरं दार काढतो! कमिशनरले दाखवायले — पाहा साहेब, दोन घरं. मोरीचं छत गळत होतं तेव्हा याले गवंडी भेटत नव्हता. चंदाबाईले म्हटलं, साक्ष द्या. "मले नको ओढू वं त्यात." ठेवला फोन.

५ मार्च
जेवण जात नाही.

७ मार्च
कमिशनर आले. दार रंगवलेलं, वर तोरणसुद्धा! अमर मोठ्या आदबीनं, "पहिल्यापासूनच आहे साहेब. भाडेकरूसाठी ठेवलं होतं." धडधडीत खोटं! मी तोंड उघडलं, तर ताईंनी हात दाबला. हळूच म्हणे, "आधीचा फोटो आहे का?" नाही. भिंतीचा फोटो कोण काढते?

साहेबांनी खाटेवर बसलेल्या सासूबाईंना विचारलं, "आजी, हे दार कधीचं?" संपलं, म्हटलं. या बाईनं पोराविरुद्ध आजवर चकार शब्द काढला नाही. भाजीत मीठ त्यानं जास्त टाकलं तरी बोलणी मले बसायची. त्या अमरकडं पाहत राह्यल्या. माझ्याकडं पाह्यलंच नाही. "गेल्या इतवारी फोडलं," म्हणे. "माह्या अंथरुणावर सारी माती पडली."

अमरचं तोंड उतरलं. साहेबांनी लिहून घेतलं.

८ एप्रिल
विक्रीचा हुकूम झाला!! जिंकली! ताईंना पेढे दिले. खोलीवर येऊन ढसाढसा रडली. कायले, ते मलेच ठाऊक नाही.

९ एप्रिल
सकाळी दारात सासूबाई. एकट्या एसटीनं आल्या, हातात लुगड्यांची पिशवी. "अमरनं हाकललं मले. म्हणे, तिच्यासाठी खरं बोलली ना, तिच्याकडंच जा."

खोली एक, पलंग एक. तोंडातून "या" निघून गेलं.