एक गुण कुठं गेला

मॅडम, आज दुपारी एका पोट्टीनं मला तुमचाच प्रश्न विचारला. नव्या रायपुरात तिनं छोटंसं रेस्टॉरंट काढलंय. वाइनची यादी एका पानाची. ती तपासायला मला बोलावलं होतं. मी दहापैकी नऊ दिले तर म्हणते, "दीदी, एक नंबर कहाँ कटा?" घरी मराठी बोलतात तिच्याकडे, समजतं तिला सगळं, पण उत्तर हिंदीतच. तिचा भागीदार बाजूलाच बसला होता. त्याला एका कंपनीनं चामड्याच्या कव्हरची जाडजूड यादी फुकटात देऊ केली आहे, अट एकच, माल त्यांचाच विकायचा. मी कधी कोणाला दहा देत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्यानं पैज लावल्यासारखं सांगून टाकलं होतं, "दीदींनी पूर्ण दहा दिले तर तुझं एक पान, नाही तर कंपनीवाली." पोरीनं मान डोलावली होती. आणि मी दिले नऊ. "उद्या सांगते" म्हणून उठले. आता बूढ़ापाऱ्यातल्या घरी पंख्याखाली बसून तुम्हाला लिहून राहिली आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला विचारायचं?

राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट आठवते. रायपूर राजधानी झालं आणि जिकडेतिकडे हॉटेलं उभी राहिली. अधिकारी आले, ठेकेदार आले, दिल्लीचे पाहुणे आले, आणि या सगळ्यांना जेवताना वाइन पाहिजे झाली. तुम्ही नागपूरहून आमच्या हॉटेलात रेस्टॉरंट सांभाळायला आलात आणि मला हाताखाली घ्यायचं ठरवलंत. माझ्या आईनं घर डोक्यावर घेतलं. बाबा रेल्वेत, आम्ही तात्यापाऱ्यात राहणारी सरळ माणसं, पोरगी दारूच्या हॉटेलात कशी जाईल? मग तुम्ही एका दुपारी सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आई भाकरी थापत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "माह्या पोरीले दारू वाढाले ठेवता का वो बाई?" तुम्ही म्हणालात, "ताई, वाढणारे मले लय भेटतात. गिऱ्हाइकाची लूट होऊन राहिली का, हे पाहणारी पोरगी पाहिजे." आईनं तुमच्या ताटात झुणका वाढला. तुम्ही एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पदरानं नाक पुसत म्हणालात, "याच्यासंग थंडगार पांढरी वाइन चालंल, ताई. लाल नाही चालत, तिखट अजून भडकते." "अगा माय!" म्हणून आई अशी हसली की भाकरी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

सोमवारी आपली सुट्टी. बाकीचे लोक झोपा काढायचे, आणि तुम्ही मला घेऊन गावातल्या दुसऱ्या हॉटेलांत जायच्या. दोघींत दोन लिंबूसोडे मागवायच्या आणि म्हणायच्या, "भैया, जरा वाइन लिस्ट दिखाना." तो बिचारा मोठ्या आशेनं आणून द्यायचा. तुम्ही कधीच पहिल्या पानापासून वाचलं नाही. बोट आधी सगळ्यात स्वस्त बाटलीवर. "महागातली कोणीबी चांगली आणतो," तुम्ही म्हणायच्या, "स्वस्तातली कशी निवडली त्यावरून मालकाची नियत कळते." मग दुकानातल्या भावाशी ताडून पाहणं. दुप्पट असेल तर ठीक, जागेचं भाडं आहे, ग्लास फुटतात. तिप्पट असेल तर तुम्ही मान वर करून छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "झुंबर आपल्याच पैशानं लावून राहिले." मग शेवटचा प्रश्न, ग्लासानं मिळते ती बाटली कधी उघडली? पोऱ्या गडबडला की समजून जायचं, शिळी आहे. एकदा मी मोठ्या ऐटीत एका यादीला सात गुण दिले. तुम्ही सोडा खाली ठेवला. "तीन कुठं गेले?" मी म्हटलं, असंच, फार काही आवडली नाही. "असंच? खिशात टाकले का? गुण कापला तर चूक सांगाची, त्याच्या तोंडावर सांगाची. नसंल सांगता येत तर गुण परत दे." आणि खरंच मला तिथल्या मॅनेजरपुढे नेऊन उभं केलंत. माझे कान लाल झाले होते. मी दोन चुका कशाबशा सांगितल्या, तिसरी सापडेना, म्हणून आठ देऊन आलो. तो माणूस नंतर आपल्याला सोड्याचे पैसे देऊ देईना.

मे महिना आठवतो का तुम्हाला? आपल्या हॉटेलात लाल वाइनच्या बाटल्या बारच्या दिव्याखाली फळीवर उभ्या असायच्या, कारण पुस्तकात लिहिलं होतं की लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. गावातल्या सगळ्याच हॉटेलांत तसंच. तुम्ही एका बाटलीला हात लावला आणि ओरडलात, "अरे बाप्पा, हे तर काढा झाला! ज्यानं पुस्तक लिहिलं त्याची खोली रायपुरात नव्हती ना!" त्या दिवसापासून आपल्याकडे लाल बाटलीसुद्धा आधी बर्फाच्या बादलीत बसायला लागली. एक साहेब भडकले, "रेड वाइन ठंडी कौन करता है?" तुम्ही शांतपणे दोन ग्लास समोर ठेवले, एक फळीवरचा, एक बादलीतला. त्यांनी पहिला एक घोट घेऊन बाजूला सारला आणि दुसरा संपवला. मग तुमच्याकडे न बघता अजून एक मागवला. मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

आणि आपल्या मालकांची ती जाडी यादी! त्यांनाही कंपनीनं असंच गाठलं होतं. "मॅडम, राजधानी का होटल और इतना पतला मेनू?" तुम्ही वाद नाही घातला. त्यांना पाहुण्यासारखं खिडकीजवळ बसवलंत, कंपनीची ती नमुन्याची यादी हातात दिलीत आणि मला वाढायला पाठवलंत. त्यांनी एक बाटली मागितली. मी विचारून आले, "नहीं है सर, नागपूर से आएगी." दुसरी मागितली, तीही नाही. तिसरीलाही मी मान हलवली तेव्हा ते चिडून म्हणाले, "तो है क्या?" तुम्ही मागून येऊन आपलं एक पान पुढे ठेवलंत. "हे आहे. यातलं काही बी मागा." मालकांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि हसले. ते एक पान तुम्ही होतात तोवर हललं नाही. तुम्ही स्वतः त्याला नऊच दिले होते. ग्लासानं एकच पांढरी मिळते, दुसरी पाहिजे, असं कारण सांगून. मी विचारलं होतं, कोणाला दहा काहून नाही देत? म्हणालात, "भेटली तर देईन ना. हात थोडी बांधले माहे?"

नागपूरला बहिणीकडे आजारी होतात तेव्हा मी भेटायला आले होते. तुम्ही उशीखालून तो लांब काडीचा थर्मामीटर काढून माझ्या हातात दिलात, ज्यानं आपण ग्लासातली वाइन किती थंड ते मोजायचो. "मे महिन्यात विसरू नको," एवढंच बोललात. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. तीच आपली शेवटची भेट, मग तुम्ही गेलातच. तुमच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही, हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

तोच थर्मामीटर आज त्या पोरीच्या ग्लासात घातला. लाल वाइन, बाहेर आग ओकणारं ऊन, आणि ग्लास बरोब्बर थंड. स्वस्तातली बाटली अशी निवडलेली की मीच घरी न्यावी. भाव दुपटीच्या आत. ग्लासानं दोन पांढऱ्या. बाटली कधी उघडली विचारलं तर तिनं बाटलीच्या मानेला बांधलेली चिठ्ठी दाखवली, आज सकाळची. संध्याकाळपासून मी चूक शोधून राहिली आहे, मॅडम. नाही सापडत.

आता खरं सांगते. इतकी वर्षं लोक मला खडूस म्हणतात, म्हणू दे. तो दहावा गुण मी तुमच्या पानासाठी ठेवला होता. तुम्ही स्वतःला दिला नाही, म्हणून मी कोणालाच देत नव्हते. पण चूक सांगता येत नसेल तर गुण परत द्यायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. या पोरीचं पान वाचवलं पाहिजे. आत्ताच तिला फोन केला, म्हटलं, दहा. ती पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "खरंच, ताई?" मी "हव" म्हटलं आणि पटकन फोन ठेवला, कारण मला वाटलं, तुमचं काहीतरी मी दुसऱ्याला देऊन टाकलं.