निचरा

बाबा, काल तुमचं निसर्गोपचार मंडळ बंद केलं. सभेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, त्यातली निम्मी चहासाठी आलेली. तुमच्या फोटोला हार मीच घातला. भक्तीनं नाही हं, सवयीनं.

सुरुवातीला तुमचं काही चुकत नव्हतं. कुंभवलीच्या आपल्या खोलीत पहाटे केमिकलच्या वासानंच जाग यायची आणि तुम्ही शिफ्ट संपवून यायचात ते खोकतच. म्हणून तुम्ही चार कामगार जमवलेत. स्वच्छ हवा-पाण्यासाठी अर्ज करायचे आणि तोवर उपास, लिंबूपाणी, मातीच्या पट्ट्या. इथली माती विषारी, म्हणून मासवणहून सायकलवर पोतं आणायचात. एवढं कळत होतं तुम्हाला! मग अर्ज कधी मागे पडले? पट्ट्या तेवढ्या उरल्या आणि तो एक शब्द. ताप चढला, जखम चिघळली, की तुम्ही म्हणायचात, "निचरा चाललाय. घाण बाहेर पडतेय, अडवू नका." बरं वाटलं तर मातीचा गुण, बिघडलं तर निचरा. छापा पडो की काटा, जिंकणार तुम्हीच.

आईला टायफॉईड झाला तेव्हा मी नववीत होते. तुम्ही तिच्या पोटावर पट्टी ठेवून कामावर जाता. तुमची पाठ वळली की मी तिला रिक्षात घालून बोईसरच्या दवाखान्यात नेते. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. प्रत्येक गोळी गिळताना ती म्हणते, "त्यांना कळू देऊ नकोस गं बाई." ताप उतरला आणि तुम्ही चिंचणीपासून मनोरपर्यंत सभांतून सांगत सुटलात की मातीनं बायको वाचवली. त्या एका गोष्टीवर मंडळ उभं राहिलं.

चिंचणीची मासळी विकणारी मावशी तुम्हाला आठवेल. तुमचं ऐकून तिनं डायबेटिसच्या गोळ्या सोडल्या होत्या. तुम्ही गेल्यावर मंडळाची सचिव मी झाले, त्याच वर्षी तिची टाच काळी पडली. मी म्हटलं, "मावशी, दवाखान्यात जा." ती हसली. "निचरा हाय गो. तुज्या आयशीचा ताप मातीनंच उतरला ना? मंग मला कशाला पाठवतेस?"

अगदी तोंडाशी आलं होतं हो. आणि मी काय म्हटलं? "उतरला गं, पण तरी जा." पण तरी! ती गेली नाही. पुढे तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काल ती कुबडीवर आली आणि माझा हात धरून म्हणाली, "मंडल बंद नको करू, बाय. माजा निचरा अजून व्हायचाय." मी तिला चहा दिला. दुसरं काहीही दिलं नाही. लाज वाटते मला माझी.

तुम्ही ओरडाल म्हणून मी गप्प राहिले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. आईचा ताप उतरला त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझ्या ताटात आपल्या हातानं भात वाढलात आणि पोटभर हसलात. कंपनीत लागल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलंच नव्हतं. ते हसू मला मोडवलं नाही.

हे पत्र खरं तर चिंचणीला जायला हवं, मावशीच्या घरी. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.