सध्या तू सांभाळ

२५ नोव्हेंबर, रविवार

काल फुटबॉलच्या हंगामातली शेवटची मॅच. ४१–३. तीन आपले. आज चर्च सुटायच्या आत रॅडकीने ऑफेन्सच्या कोऑर्डिनेटरला काढून टाकलं. वाईट वाटलं. दुपारपर्यंत वाटत होतं.

दुपारी रॅडकीने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "वर्ल, नवा माणूस मिळेपर्यंत सध्या तू सांभाळ." हेड कोचचे शब्द आहेत, म्हणून जसेच्या तसे लिहून ठेवतोय. चेंडू आपल्याकडे असताना पुढची चाल कुठली, हे सांगणारा माणूस म्हणजे कोऑर्डिनेटर. म्हणजे आजपासून मी. इतकी वर्षं कॅन्ससमधल्या या कॉलेजात टाइट एंडच्या जागेवर खेळणारी पोरं शिकवली. अर्धा वेळ समोरच्याला अडवायचं, अर्धा वेळ चेंडू झेलायचा, आणि दोन्हीचं श्रेय दुसऱ्याने न्यायचं. कुणीतरी बघत होतं म्हणायचं.

ऑफिसातली मार्लिस म्हणाली, "हंगाम कालच संपला, कोच. सांभाळणार काय?" मार्लिस इथे सगळ्यात जुनी, पण तिला फुटबॉल कळत नाही.

उद्यापासून डोनट बंद. पहाटे उठून चालणं. नवीन टाय घेणे.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

ग्लेनिसच्या माहेरून फोन. म्हणजे ओक्लाहोमातून, लोन सीडरहून. तिथल्या हायस्कूलला फुटबॉलचा हेड कोच हवाय. प्रिन्सिपलने स्वतःहून माझं नाव काढलं. ग्लेनिस चुलीपाशी उभी राहून सांगत होती, पाठ माझ्याकडे. सूप ढवळत होती. मी म्हटलं, "हायस्कूल?" तर म्हणाली, "हेड कोच, वर्ल." मी म्हटलं, "हायस्कूलचा."

मग तिने तिच्या आईचा विषय काढला. एडना एकटी असते, हल्ली तोल जातो, गॅस चालू ठेवून बाहेर जाते. ग्लेनिस म्हणाली, "तुझ्या फुटबॉलपायी मी सात गावं फिरले. एकदाही म्हटलं नाही, की इथे नको. आता पहिल्यांदा म्हणतेय, की तिथे जाऊ."

तिचं बरोबर आहे. पण वेळ चुकलीय. लग्नाचा मुहूर्त लागल्यावर कुणी नवरामुलाला दुसरं स्थळ सांगतं का? हे तिला म्हणालो. ती म्हणाली, "मुहूर्त? अरे, तुला अजून कुणी पाहायलाही आलेलं नाही. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलायस नुसता."

विचार करतो म्हणालो. केला. नाही.

डोनट एकच. मार्लिसने आग्रह केला म्हणून.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

मीटिंग. रॅडकी म्हणाला, बाहेरची दोन-तीन माणसं बोलावतोय मुलाखतीला. कॉलेजचा नियम असणार. तो 'नियम' असं म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर होतं. मग म्हणाला, "वर्ल, विमानतळावरून त्यांना आणायचं-सोडायचं तू बघशील? तुझी गाडी मोठी आहे."

मी लगेच ओळखलं. गाडीचं निमित्त. येणाऱ्या माणसाला पारखायचं, तर पाठवायचा तो आपला खास माणूस. दोन तास बंद गाडीत माणूस जेवढा उघडा पडतो, तेवढा मुलाखतीत पडत नाही.

गाडी धुऊन आणली. फळा घरी लावला, जेवणाच्या टेबलासमोर. वसंतातल्या सरावापर्यंत माझं सगळं आक्रमण त्यावर मांडून तयार असेल. ग्लेनिस म्हणाली, "तिथे माझ्या आईचा फोटो होता." फोटो कपाटावर ठेवलाय. नीट, उभा.

३ डिसेंबर, सोमवार

पहिला उमेदवार. टेक्सासचा, माझ्याच वयाचा. गाडीत बसल्या बसल्या झोपला. उठल्यावर विचारलं, "इथे सतत असाच वारा असतो?" म्हटलं, "हा तर काहीच नाही." मग म्हणाला, "तुमच्या टाइट एंडना कोण शिकवतं?" म्हटलं, "मी." त्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर काहीच नव्हतं, कापलेल्या मक्याची शेतं. दडपण आलं असावं बिचाऱ्याला.

संध्याकाळी त्याने नकार कळवला. एक गेला.

५ डिसेंबर, बुधवार

लोन सीडरला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस. मीच फोन केला, ग्लेनिससमोर. सभ्यपणे नाही म्हटलं. वाटलं, ती काहीतरी बोलेल. "बरं," म्हणाली. भांडी घासायला घेतली. मघाशीच घासलेली होती.

मग तिकडून शेजारणीचा फोन आला. एडना न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठवत नाही. ग्लेनिसने बॅग भरली. मी म्हटलं, "शनिवारी येतोच मागोमाग." तिने गाडी सुरू केली, काच खाली केली आणि म्हणाली, "फ्रीजमध्ये सूप आहे. तारखा लावल्यात डब्यांवर." आणखी काही म्हणायचं होतं का, कळलं नाही. वारा होता.

८ डिसेंबर, शनिवार

लोन सीडरला गेलो नाही. बुधवारी दुसरा उमेदवार येतोय, त्याआधी फळा पूर्ण हवा. फोनवर एडनाशी बोललो. तिने विचारलं, "कोण?" म्हटलं, "वर्लिन, जावई." ती म्हणाली, "कुणाचा?" खूप हसलो आम्ही दोघं. ती हसत होती की नाही, ते फोनवर कळलं नाही.

टाय घेतला. तांबडा, कॉलेजचा रंग.

१० डिसेंबर, सोमवार

एडना गेली. पहाटे, झोपेत. ग्लेनिसचा आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "मी कॉफी घेऊन गेले, तर गेलेली होती." "कॉफी सांडली नाही ना?" असं काहीतरी बोलून गेलो. का बोललो, देव जाणे.

दफन गुरुवारी सकाळी अकराला.

एडनाने मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, फुटबॉल संपल्यावर काय करणार? मी बावीस वर्षांचा होतो. म्हणालो, फुटबॉल संपत नाही. ती म्हणाली, "मग जेव." आणि ताटात बटाटे वाढले. आज दिवसभर तेच आठवत होतं.

११ डिसेंबर, मंगळवार

रॅडकीला सांगितलं. तो खुर्चीतून उठून आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "जा रे बाबा, आत्ताच निघ. त्या पोराला आणायला मी दुसऱ्याला पाठवतो." मी नको म्हटलं. तो म्हणाला, "वर्ल, बायकोची आई गेलीय." मी म्हटलं, सगळा हिशेब केलाय. बुधवारी सकाळी आणतो, दिवसभर त्याची मुलाखत, गुरुवारी सकाळी सहाच्या विमानाला सोडतो, तिथून तसाच लोन सीडर. अकराच्या आत पोचतो. माझ्यामुळे संघाचं काही अडायला नको.

तो माझ्याकडे बघतच राहिला. अशा वेळीच माणूस ओळखला जातो.

मार्लिस म्हणाली, "कोच, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" तिचं लग्न झालेलं नाही.

ग्लेनिसला फोनवर सांगितलं. म्हणाली, "तुला जमेल तसं कर." समजूतदार आहे.

१३ डिसेंबर, गुरुवार

नीट लिहितो.

दुसरा उमेदवार कोल्टन मेह्यू. बत्तीस वर्षांचा. चांगला मुलगा. प्रत्येक वाक्याला 'सर'. आज सकाळी विमानतळावर बर्फाळ धुकं. सहाचं विमान आठवर गेलं, मग नऊवर. तो म्हणाला, "सर, तुम्ही निघा. मी बसतो इथे. तुमच्या घरी एवढं झालंय." म्हटलं, पाहुण्याला एकटं सोडून जायची आमच्यात पद्धत नाही. खरं म्हणजे मधल्या वेळात मी त्याला माझ्या चाली दाखवत होतो, कागदी नॅपकिनवर. त्याने इतके बारीक प्रश्न विचारले, की वेळ कसा गेला कळलं नाही. त्याने त्या नॅपकिनचा फोटो काढून घेतला. इतक्या वर्षांत माझ्या चालीचा कुणी फोटो काढला नव्हता.

विमान दहाला उडालं.

पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. चर्चच्या तळघरात लोक घडीची टेबलं मिटत होते. ग्लेनिस काळ्या कोटातच एक टेबल पुसत होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. तिने फडकं ठेवलं, आत गेली आणि फॉइलने झाकलेली ताटली आणून माझ्या हातात दिली. हॅम आणि बटाटे. ती बाजूला काढून ठेवली होती तिने.

नंतर एकटाच थडग्यापाशी जाऊन आलो. माती ओली होती, वर फुलं उडून पडू नयेत म्हणून दगड ठेवले होते.

ग्लेनिस रागावलेली नाही. एक शब्दही बोलली नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

कॅन्ससला परत. ग्लेनिस तिकडेच थांबली, आईचं घर आवरायला. म्हटलं, ख्रिसमसपर्यंत आवरेल? म्हणाली, "घर छोटं आहे, पण आवरायचं बरंच आहे."

सूप संपलं. शेवटच्या डब्यावरची तारीख उलटून गेली होती. खाल्लं. काही झालं नाही.

१७ डिसेंबर, सोमवार

कोल्टनला घेतलं.

सकाळी गाडीतल्या रेडिओवर ऐकलं. दूध आणायला निघालो होतो. पार्किंगमध्ये बसून राहिलो. मग विचार केला, आणि उलट हलकं वाटलं. पोरगा तरुण आहे, त्याला हाताशी अनुभवी माणूस लागणारच. बोलणार तो, डोकं माझं. नाव काय, त्याचं असलं म्हणून बिघडलं कुठे?

रॅडकी म्हणाला, "तुझ्याबद्दल तो फार चांगलं बोलला, वर्ल." म्हणाला आणि टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. सारखेच होते.

कोल्टनसाठी भाड्याची घरं बघायला सुरुवात केली. बायको आणि लहान बाळ आहे, कॉलेजजवळ हवं.

दूध राहिलं.

१९ डिसेंबर, बुधवार

कोल्टनने बोलावलं. दार लावून घेतलं. बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, "सर, टाइट एंडसाठी..." आणि थांबला. त्याचा एक मित्र आहे, कॉलेजात बरोबर खेळलेला, आधीच्या नोकरीतही त्याच्या हाताखाली होता. त्याला आणतोय. रॅडकी हो म्हणालाय.

डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. म्हणाला, "सर, मी आजवर कुणाला काढलं नाही. कसं बोलायचं मला माहीत नाही." मी म्हटलं, हे बघ, हवेपासून सुरुवात करायची नाही. समोरच्याला कळतं. दार लाव, बस, पहिल्या वाक्यात सांग, आणि मग गप्प राहा. उगाच स्तुती करायची नाही. त्याने मान डोलावली. "पुन्हा एकदा सांगू का सर, नीट?" म्हणाला. म्हटलं, सांग. त्याने सांगितलं. चांगलं सांगितलं या वेळी.

मी त्याच्याशी हात मिळवला. टाय तांबडाच होता, त्याने कौतुक केलं.

२० डिसेंबर, गुरुवार

लोन सीडरच्या प्रिन्सिपलला सहज फोन केला. ती जागा भरली. तिथलाच इतिहासाचा मास्तर आहे, त्याला दिली. म्हटलं, मदतनीस वगैरे? म्हणाला, "मदतनीस त्याचा मेव्हणा आहे." दोघं हसलो. मग त्याने एडनाबद्दल वाईट वाटलं म्हणून सांगितलं. तो होता दफनाला. म्हणाला, "ग्लेनिस फार धीराची आहे. एकटीने सगळं केलं."

ग्लेनिसला अजून सांगितलेलं नाही. आधीच दुःखात आहे. नवीन काही ठरलं की एकदमच सांगेन. कोलोरॅडोत ओळखीचा एक जण आहे. होता.

डोनट तीन.

२१ डिसेंबर, शुक्रवार

किल्ल्या परत केल्या. सामान एका खोक्यात मावलं. मार्लिस दारापर्यंत आली. म्हणाली, "ग्लेनिसला सांगितलंस?" म्हटलं, सांगणार आहे, वेळ बघून. ती म्हणाली, "कोच, तिला माहीत आहे. काल तिने फोन केला होता, तू बरा आहेस ना विचारायला. मला वाटलं, तू सांगितलं असशील."

मी म्हटलं, बरं झालं, एक काम कमी झालं. मार्लिसने माझा कोट गळ्यापाशी सारखा केला आणि म्हणाली, "आता गप्प बस जरा, वर्लिन." इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

घरी येऊन फळा उतरवला. पुसला नाही. मग पुसला.

२२ डिसेंबर, शनिवार

लोन सीडरला आलो. न कळवता. रस्त्यात सगळं तयार केलं होतं. कोलोरॅडो, वसंतात निघणाऱ्या जागा, एवढी वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी बसवून ठेवत नाही, वगैरे. मोठ्याने बोलूनही बघितलं गाडीत. पटत होतं.

दार ग्लेनिसने उघडलं. केसांना रुमाल, हाताला धूळ. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे गाडीकडे. मागची सीट खचाखच भरलेली होती, काचेला उशी दाबलेली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

तयार केलेलं सगळं तोंडाशी होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती थांबली. चौकटीला हात तसाच ठेवून. मला वाटलं, आता दार लावेल, आणि लावलं असतं तर मला काही म्हणता आलं नसतं.

मग बाजूला झाली. आत एडनाची खोली रिकामी केलेली, एक पलंग तेवढा राहिला होता. चर्चमधला कुणी म्हातारा न्यायला येणार होता, पण पलंग तिच्या एकटीने दारातून निघत नव्हता.

"ते टोक धर," ग्लेनिस म्हणाली.

धरलं. लाकडी, जुना, भलता जड. दारात अडकला. मी म्हणणार होतो, की सरळ रेटू.

"रेटू नकोस. आधी तिरका कर," ती म्हणाली.

केला.